अर्धी मॅट तुमची, अर्धी आमची

दादा, तुला उचलायला उशीर झाला, ते आधी सांगून टाकते, कारण वेळेच्या बाबतीत तू किती कडक होतास ते मला माहीत आहे. लग्नाचा मुहूर्त जरा हुकला तर तू भटजींच्या नाकासमोर घड्याळ धरायचास. तर ऐक. उशीर वहिनीमुळे नाही झाला, भटजींमुळे नाही, लाकडांमुळेही नाही. उशीर झेंड्यामुळे झाला.

तुला आंघोळ घालून अंगणात ठेवलं होतं. तुझ्या गटाचे लोक पक्षाचा झेंडा घेऊन आले, तुझ्या अंगावर घालायला. तेवढ्यात समोरच्या गटाचे आले, त्यांच्याही हातात झेंडा. कापड तेच, शिवणारा शिंपीसुद्धा तोच, वरचं चित्र तेवढं वेगळं. दोघांचं म्हणणं एकच, की बाळाराम मनाने आमचा होता. तू समोर आडवा, आणि तुझं मन कोणाकडे होतं यावर अंगणात बैठक बसली. कोणीतरी तोडगा काढला की कमरेपर्यंत एक झेंडा घालू आणि कमरेखाली दुसरा. मग कमरेखालचा कोणी घ्यायचा यावरून पुन्हा जुंपली. मला रडता रडता हसू आलं. ते दाबायला मी पदर तोंडात कोंबला, तर बायकांना वाटलं हिला हुंदका आला, त्या मला थोपटायला लागल्या. शेवटी वहिनी उठली. उभ्या जन्मात तुझ्यासमोर जिचा आवाज चढला नाही ती म्हणाली, "आधी माणूस न्या. झेंडे कुठे वाळत घालायचे ते मागून बघा." मग तुला नुसत्या पांढऱ्या कपड्यात नेलं. चांगला दिसत होतास.

आमचे हे, म्हणजे तुझा जना, तेव्हा कुठे होते ते तू विचारशीलच. मागे होते. त्यांच्या गटाची माणसं तुमच्या माणसांपासून अंतर राखून चालत होती, आणि त्या माणसांतही हे सगळ्यात शेवटी. खांदा द्यायला पुढे आले नाहीत. पुढे यायला जागाच नव्हती म्हणाले. सख्ख्या बहिणीचा नवरा, त्याला जागा नव्हती. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. वाढत होते, गोळ्या देत होते, पण तोंडातून शब्द नाही. पूर्वी तुम्ही दोघं बोलत नव्हतात तेव्हा मधे मी होते. आता आम्ही दोघं बोलेनासे झालो तर मधे कोण असावं? भाजी काय करायची हेसुद्धा मला भिंतीला विचारावं लागलं.

तुझ्या आठवणी काढायला बसलं की माझी सुरुवात खाडीपासूनच होते. कोपर स्टेशनच्या मागे, खाडीच्या अंगाला आपली खारवली, बाबांचं मिठागर, आणि हंगाम संपला की त्या रिकाम्या आगरात तुमची कबड्डी. पडलं की गुडघा सोलायचा आणि सोललेल्या गुडघ्यात मीठ जायचं. खारवलीचा खेळाडू कधी पडत नाही असं लोक म्हणायचे, त्यात कौशल्य कमी आणि मिठाची भीती जास्त होती. तू मात्र बाहेरगावच्या पाहुण्यांना सांगायचास की आमच्या मातीतच गुण हाय. गावदेवाच्या नावाच्या आपल्या चेरोबा क्रीडा मंडळात तू उजव्या कोपऱ्यात आणि जना डाव्या. समोरचा चढाईला आला की कोपऱ्यातल्या दोघांनी एकमेकांकडे न बघता एकाच वेळी हलायचं. नवरा-बायकोला जमत नाही ते तुम्हाला जमायचं.

एकदा ठाण्याला, टेंभी नाक्याच्या बाजूला कुठल्याशा स्पर्धेत हरलात आणि तू त्यांना आपल्याकडे जेवायला घेऊन आलास. बाबांनी विचारलं, पोरगा करतो काय? तू म्हणालास, घोटा पकडतो. बाबा म्हणाले, अरे नोकरीचं विचारतोय मी. तर तुझं उत्तर, बाबा, एकदा धरलेला पाय हा सोडत नाय, अजून काय पायजे? माझं लग्न एवढ्या चौकशीवर ठरलं. आणि तू खोटं बोलला नव्हतास. ह्यांनी धरलेलं कधी काही सोडलं नाही. टीव्हीचा रिमोट नाही, झिजलेल्या चपला नाहीत, आणि राग तर नाहीच नाही.

मला मैदानावर उतरवलंस तेही तूच. बाळारामची बहीण हाफपँट घालून पोरांसारखी उड्या मारते म्हणून म्हाताऱ्यांनी बाबांचे कान भरले होते. तू पारावर जाऊन सांगून आलास, की ज्यांना बघवत नाय त्यांनी खाडीकडे तोंड करून बसा. दुसऱ्या दिवशी खरंच दोघं खाडीकडे तोंड करून बसले होते, आणि खेळ रंगात आल्यावर हळूच वळले. मी पुढे शाळेत पीटीची बाई झाले, डोंबिवलीच्या निम्म्या पोरांना उठाबशा काढायला लावल्या, पेन्शन घेतेय, ते त्या तुझ्या एका वाक्यावर. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, मग पेन्शनमधून मटण आण.

आणि मग तो तुझा स्वातंत्र्यलढा. तू त्याला तेच म्हणायचास, आणि कोणी हसलं तर चिडायचास. गावं महापालिकेत घातली, घरपट्टी आली, पाणी काही आलं नाही. वर चेरोबाच्या मैदानातून रस्ता काढणार म्हणून एक दिवस बुलडोझर आला. तू सकाळीच शाळेतून माझी फक्कीची पिशवी पळवलीस आणि रस्त्यावर आडवी पांढरी रेघ मारलीस. रेघेमागे मंडळाचे सातजण हातात हात घालून साखळी करून उभे, एका टोकाला तू आणि दुसऱ्या टोकाला हे. मागे सगळं गाव, त्यात मीही, शाळेला दांडी मारून. पोलीस साहेब समजवायला पुढे आले. बोलता बोलता त्यांचा बूट रेघेच्या आत पडला. तू गळ्यातली शिट्टी फुंकलीस, हात वर केलास आणि साहेबांना बाद दिलंस.

हवालदारसुद्धा हसले रे. साहेबांनी क्षणभर खाली बघून पाय मागे घेतला, ते मी ह्या डोळ्यांनी पाहिलंय. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण पोलीस आहोत, आणि त्यांनी तुम्हाला उचलून गाडीत घातलं. गाडीत तुझी तक्रार काय, तर आम्ही सात आणि धरायला एवढे लोक, हे नियमात बसत नाय. चौकीत नाव विचारलं तर म्हणालास, उजवा कोपरा. संध्याकाळी सोडलं तेव्हा गावाने बँड लावून आणलं तुम्हाला. तू आणि जना एकमेकांच्या गळ्यात हात टाकून पुढे, आणि मी तुमच्या चपला हातात घेऊन मागे, कारण चौकीत कोणाची कोणती ते ओळखायला मीच लागले होते.

रस्ता व्हायचा तो झालाच. मैदान अर्धं गेलं. त्याच रस्त्याला आज तुझ्या पोराचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि आमची बिल्डिंगही. आपण लढा हरलो आणि जमिनीला भाव आला, त्यामुळे आपण हरलोय हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. तुला तेवढं कळत होतं. मैदानाच्या उरलेल्या तुकड्यापाशी आलास की तू उजव्या कोपऱ्यात जाऊन उभा राहायचास.

वर पक्ष फुटला त्या दिवशी मी भाकऱ्या थापत होते. टीव्हीवर बातमी सुरू झाली तेव्हा भाकरी तव्यावर टाकली, ती फुगायच्या आत गावात दोन गट झाले होते. तू एकात, हे दुसऱ्यात. नाक्यावर तुम्ही दोघं विचार, निष्ठा, महाराष्ट्राचं भवितव्य असलं मोठंमोठं बोलायचात. मला खरी गोष्ट माहीत होती. बाबा गेले तेव्हा तुझा नेता आपल्या ओटीवर मांडी घालून बसला होता आणि बिनसाखरेचा चहा काही न बोलता प्यायला होता. ह्यांच्या नेत्याने आमच्या बिल्डिंगला उन्हाळाभर टँकर दिला होता. एकाने चहा पाहिला आणि एकाने पाणी. तुम्हाला गद्दार म्हणायला शब्द मिळाला, तो तुम्ही दोघांनी एकाच वेळी एकमेकांना वापरला.

तुझं ते आवडतं वाक्य होतं ना, की राजकारण म्हणजे कबड्डीच हाय, श्वास धरून दुसऱ्याच्या घरात जायचं, हात लावायचा आणि जिवंत परत यायचं. फुटीनंतर तू त्यात भर घातलीस. आताचे हे चढाईला जातात आणि तिकडंच राहतात, वर म्हणतात मध्यरेषाच सरकली. हे तू मला सांगायचास, पण आवाज असा लावायचास की दोन गल्ल्या पलीकडे ह्यांना ऐकू जावा. जायचा. मग हे मला म्हणायचे, सांग तुझ्या भावाला, की ज्याच्या अंगणात पाणी नाही त्याने रेषा आखू नयेत. मी सांगायला येईपर्यंत तुझं उत्तर तयार असायचं. पीटीची बाई म्हणून मी आयुष्यात जेवढी धावले नाही तेवढं तुम्ही मला त्या काळात पळवलंत.

मग मंडळ फुटलं. दोघांनीही स्वतःला मूळ चेरोबा म्हणून जाहीर केलं. जिल्ह्याच्या कबड्डी संघटनेकडे दोन्ही अर्ज गेले, त्यांनी सुनावणीची तारीख दिली, मग पुढची तारीख दिली. ढाली आणि चषक एक तुम्हाला, एक आम्हाला, असे वाटले. कुकर मिळाला होता एका स्पर्धेत, त्याचं भांडं तुमच्याकडे गेलं आणि झाकण आमच्याकडे. इथवर ठीक होतं. पण मॅट?

ती निळी-पिवळी मॅट, तुकडे एकमेकांत अडकवून होते ती, गावाने केवढ्या हौसेने आणली होती. ती तुम्ही शहाण्यांनी मध्यरेषेवर तोडली. अर्धं मैदान एका गटाला, अर्धं दुसऱ्याला. मी म्हटलं, अरे एका गटाने मॅट घ्या, दुसऱ्याने चषक घ्या. नाही. मी म्हटलं, मग दोघांनी आपापली नवी अर्धी विकत घ्या. तर तू माझ्यावर डोळे वटारलेस, की नवी घेतली तर जुन्या अर्ध्यावरचा हक्क सोडला असं होईल. घरी येऊन ह्यांना विचारलं, तर तेच वाक्य, शब्दही तेच. तुम्ही दोघं तेव्हाही एकमेकांकडे न बघता एकाच वेळी हलत होतात, मेल्यांनो.

मग सुरू झाली ती गंमत. तुमची पोरं खेळायची ती अर्ध्या मॅटवर आणि अर्ध्या मातीवर, आमचीही तशीच. घरच्या बाजूला बूट, पलीकडे चढाईला जाताना बूट काढायचे की ठेवायचे यावर वाद. ठेवले तर मातीत घसरायचे, काढले तर परत येताना मॅटवर घसरायचे. बाहेरचे संघ यायचे बंद झाले. तुझी पोरं आणि आमची पोरं, दोन्ही त्या वर्षी दिवा स्टेशनजवळच्या एका संघाकडून हरली, जो दोन इमारतींच्या फटीत सराव करतो आणि पाण्याचा टँकर आला की खेळ थांबवतो. खारवलीची पोरं पडायला लागली, दादा. मी दोन्हीकडच्या गुडघ्यांना हळद लावत फिरले. एका गुडघ्यानेही मला विचारलं नाही की बाई, तुम्ही कोणत्या गटाच्या.

तू आमच्या घरात पाय ठेवणार नाहीस अशी शपथ घेतलीस. ठीक. पण भाऊबीज आली. तुला शपथही मोडायची नाही आणि ओवाळून घेतल्याशिवायही राहवायचं नाही. मग तू नवा सदरा घालून आमच्या फाटकाबाहेर येऊन उभा राहिलास. पाय बरोबर उंबऱ्याच्या आधी. मी तबक घेऊन बाहेर आले, फाटकाच्या आत उभी राहिले आणि मधून हात घालून तुला ओवाळलं. निरांजन दोनदा विझलं. आतून ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. मग तोच आवाज कमी करून ओरडले, की बाहेर जो कोण उभा आहे त्याला करंज्या दे, उगाच गावात बोभाटा नको. तू मला म्हणालास, सांग तुझ्या नवऱ्याला, करंजीत सारण कमी हाय. आणि चार खाल्ल्यास. पुढच्या वर्षीही तसंच. फाटकातली भाऊबीज बघायला समोरच्या बिल्डिंगमधले लोक गॅलरीत येऊन थांबायचे.

जत्रेतल्या त्या सामन्याचं मला अजून कोडं आहे. पन्नाशी उलटलेल्यांचा सामना ठेवायचा म्हणून गावातल्या बायकांनी हट्ट धरला, आणि त्या एका दिवसापुरती दोन्ही अर्ध्या मॅट एकत्र आणल्या. तर त्या जुळेनात. तुमची गच्चीवर उन्हात राहून आक्रसली होती, आमची गोडाऊनमध्ये दमट होऊन फुगली होती. मध्यरेषेच्या जागी बोटभर फट राहिली. कल्याणहून आलेले पंच त्या फटीकडे बघत बसले. दोन्ही संघांचं नाव चेरोबा, त्यामुळे माईकवाला सांगत होता, चेरोबाने चेरोबाची पकड केली, चेरोबाला गुण, चेरोबाचा निषेध. लोकांची हसून मुरकुंडी वळली होती.

मग हे चढाईला आले. पोट पुढे, कबड्डी कबड्डी म्हणताना दम मधेच तुटत होता, पण पंचांनी म्हाताऱ्यांना सूट दिली होती. तू तुझ्या कोपऱ्यात वाकलेला. तू घोटा धरलास, हे आडवे झाले, तू त्यांच्यावर. शिट्टी झाली. उठेनात कोणी. मला वाटलं एकाला तरी झटका आला, मी पदर खोचून आत धावले. तर तुमचे ओठ हलत होते. बोलत होतात तुम्ही, ढिगाऱ्यात पडल्या पडल्या. मी जवळ गेल्यावर गप्प झालात आणि उठून धूळ झटकलीत.

तुला विचारलं तर तू म्हणालास, त्याचा घोटा सुजलाय, तेलाने चोळून दे. ह्यांना विचारलं तर म्हणाले, शिव्या दिल्या तुझ्या भावाने. घरी येऊन बघितलं तर घोटा खरंच सुजला होता, आणि तू शिव्याही दिल्या असशीलच, त्यामुळे दोघंही खरं बोलत असाल. मला वाटलं, चला, सुटलं एकदाचं. सकाळी उठून बघते तर दोन टेम्पो उभे, एक अर्धी तुमच्या गच्चीकडे चाललेली आणि एक अर्धी आमच्या गोडाऊनकडे. एवढी चिडले मी, की त्या दिवशी घरात स्वयंपाक केला नाही.

तू आजारी पडलास ते आम्हाला फार उशिरा खरं वाटलं. खारवलीत सगळ्यात जास्त दम तुझा, तुझ्या छातीत पाणी कसं होईल? हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी तुला ते श्वास ओढून तीन प्लास्टिकच्या गोळ्या वर उचलायचं यंत्र दिलं, तर तू शेजारच्या खाटेवरच्या काकांबरोबर पैज लावलीस. नर्स ओरडली. तू तिला म्हणालास, बाई, आमच्या खेळात पंच मधे बोलत नाय. मी हसले आणि खिडकीकडे वळले, कारण तिसरी गोळी तुझ्याने हलत नव्हती.

हे रोज मला स्कूटरवरून सोडायचे आणि खाली टपरीवर बसायचे. वर यायचे नाहीत. तू खिडकीतून बघून सांगायचास, जना आलाय, त्याचं टक्कल मी विमानातून वळखीन. मी खाली जाऊन विनवायचे, एकच मजला आहे, या वर. म्हणायचे, त्याने बोलावलं तर येतो. मी वर यायचे. तू म्हणायचास, यायचं तर येईल, बोलवायला काय वरात काढू? आणि मला परत खाली पाठवायचास, त्याला सांग, त्या टपरीचा चहा पिऊ नको, पाणी हाय नुसतं. मी सांगितलं. त्यांनी टपरी बदलली.

शेवटच्या दिवशी तुला बोलता येत नव्हतं. मी खाली जाऊन फक्त एवढंच म्हटलं, आता निरोप न्यायला माझ्याकडे काही नाही. ते उठले. चहा तसाच ठेवला. माझ्या मागून जिन्यापर्यंत आले आणि दारावरच्या वॉचमनने सांगितलं, एका पेशंटला एकच माणूस, पास दाखवा. पास माझ्याकडे होता. मी तो त्यांच्या हातात देण्यासाठी पिशवीत शोधतेय तोवर हे मागे फिरले होते. बुलडोझरसमोर उभा राहिलेला माणूस, दादा. एका वॉचमनने नाही म्हटलं म्हणून परत फिरला, आणि परत आला तेव्हा तू गेला होतास.

हे मी त्यांना माफ करू शकत नव्हते. तुझ्यावरही राग होता, बोलावलं असतंस तर तुझी काय मध्यरेषा पुसली जाणार होती? पण तू सुटलास. हे माझ्यासमोर जेवायला बसायचे, आणि मी त्यांच्याकडे बघत विचार करायचे, की ह्या माणसाचं खरंच काही गेलंय की नाही. ते मला कळत नव्हतं. तुझ्यासाठी रडताना मला त्या घरात एकटं वाटायचं. ज्याच्यामुळे मला हा नवरा मिळाला तो गेला, आणि नवऱ्याला त्याचं काहीच नसेल, तर मी इतकी वर्षं राहिले कोणाबरोबर?

परवा तुझं दहावं झालं. काल आम्ही बाजारात निघालो, न बोलता, मी मागे बसलेली. नाक्यावर तुझे दोन श्रद्धांजलीचे फलक लागलेत. ह्यांच्या गटाने लावलाय त्यावर तुझा आधारकार्डावरचा फोटो, त्यात तू चोरी करताना सापडल्यासारखा दिसतोस. तुझ्या गटाने लावलाय तो मोठा, वर त्यांचे सगळे नेते, आणि मधे तू हसतोयस. हसतानाचा तुझा एकच फोटो आहे, आपण सगळे एकवीरेला गेलो होतो तेव्हाचा. त्यात तुझ्या शेजारी हे होते. तुझ्या लोकांनी ह्यांना कापून टाकलंय. अगदी नीट, केसांपासून कमरेपर्यंत. पण एक गोष्ट कापायची राहिली. तुझ्या खांद्यावर एक हात आहे. फक्त हात. कोणाचा ते गावाला सांगावं लागत नाही, कारण त्याची करंगळी मोडून वाकडी बसलेली आहे, आणि तशी खारवलीत एकाचीच.

ह्यांनी स्कूटर थांबवली. नाक्यावर लोक तो हात दाखवून हसत होते, ह्यांना बघून बाजूला सरकले. तुमचा तो विभागप्रमुख दुकानातून धावत आला. म्हणाला, काका, चूक झाली, डिझाइनवाल्याच्या नजरेतून सुटलं, संध्याकाळपर्यंत हात काढून नवीन फ्लेक्स लावतो, तुमच्या गटाला बोलायला जागा ठेवणार नाही.

हे फलकाकडेच बघत होते. मग म्हणाले, "मला कापलंत ते बरोबर केलंत. पण त्याच्या खांद्यावरनं माझा हात काढायचा नाय."

तो काही बोलणार होता. ह्यांनी त्याला बोलू दिलं नाही. म्हणाले, "मी वर गेलो नाय रे. तेवढा तरी राहू दे तिथं."

दादा, ते रडले. नाक्यावर, भर बाजारात, दोन्ही गटांसमोर, नाक पुसायचं भान नाही. फलकाची खालची दोरी सुटली होती, वाऱ्याने कापड तुझ्या तोंडावर येत होतं. ते पुढे गेले आणि ती दोरी खांबाला बांधायला लागले. समोरच्या हॉटेलात त्यांच्या गटाची माणसं चहा पीत बसली होती, ती उठून बघायला लागली, की जनार्दन भाऊ त्या लोकांचा फलक बांधतोय. ह्यांनी मान वळवली नाही. करंगळीमुळे त्यांना गाठ नीट मारता येत नाही, तुला माहीतच आहे. मी स्कूटर स्टँडवर लावली, जवळ गेले आणि म्हटलं, "दोरीचं टोक माझ्याकडे द्या."